ग्रंथांवाचून ज्ञानभाषा

भारतीय भाषांतून उच्च शिक्षण देण्यासाठी पाच वर्षांत बावीस भाषांमध्ये २२,००० पुस्तके तयार करावयाची, असा संकल्प केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने जुलै २०२४ मध्ये सोडला. ‘अस्मिता’ या नावाच्या या योजनेचा भार विद्यापीठ अनुदान आयोग आणि भारतीय भाषा समिती यांच्यावर टाकण्यात आला. पुढे १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात भारतीय भाषांतील पाठ्यपुस्तके डिजिटल रूपात पुरविण्याची आणखी एक योजना जाहीर झाली. संकल्प स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु संकल्पाच्या आकड्यांना साधा भागाकार लावून पाहणे हे वृत्तपत्राचे कर्तव्य ठरते. बावीस भाषांना २२,००० म्हणजे मराठीच्या वाट्याला सरासरी १,००० ग्रंथ. पाच वर्षांत १,००० म्हणजे वर्षाला २००, आणि दर आठवड्याला जवळजवळ चार! भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, विधी, स्थापत्य, मानसशास्त्र अशा विषयांवरील, विद्यापीठाच्या दर्जाचे चार ग्रंथ दर सोमवारी वाचकाच्या हाती पडावयाचे, असा हा हिशेब आहे.

या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि विसावा खंड निघण्यास २०१५ साल उजाडले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखा प्रकांड पंडित धुरेला असताना, शासनाचे पाठबळ असताना आणि वाईसारख्या विद्येच्या जुन्या क्षेत्रात कार्यालय असताना वीस खंडांना एकोणचाळीस वर्षे लागली. ही गती मंद होती, हे मान्य केले पाहिजे. ज्ञान त्या वेगाने थांबून राहत नाही. पण मंद गती हा जसा दोष, तसा अविचारी वेग हाही दोषच होय. एका पिढीत वीस खंड आणि एका आठवड्यात चार ग्रंथ या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी खरी वाट आहे. ती शोधण्याची आजवर कोणी चिंता केलेली दिसत नाही, हीच खरी चिंतेची गोष्ट आहे.

प्रश्न कोणाचा आहे? तो सभासंमेलनांतून ‘ज्ञानभाषा’ हा शब्द उच्चारणाऱ्यांचा नव्हे. तालुक्याच्या गावी कला किंवा वाणिज्य शाखेच्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींचा हा प्रश्न आहे. राज्यातील बहुतेक विद्यापीठांत या शाखांच्या विद्यार्थ्यांना उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते. अधिकार आहे, पण त्या अधिकाराला पुरेसे अन्न नाही. मूळ ग्रंथ इंग्रजीत, अध्यापकाचे व्याख्यान अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी, आणि परीक्षेच्या आदल्या महिन्यात हाती पडणारे ‘अपेक्षित प्रश्नसंच’ तेवढे संपूर्ण मराठी, अशी ही त्रिस्थळी यात्रा आहे. ज्या विद्यार्थ्याने तीन वर्षांत आपल्या विषयाचा एकही अव्वल ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला नाही, त्याच्या हाती आपण पदवी देतो आणि मग ‘पदवीधरांना काही येत नाही’ म्हणून त्यालाच दूषणे देतो. हा न्याय नव्हे.

हा वाद आजचा नाही. मुंबई इलाख्याच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये १८४० च्या दशकात तो चांगलाच रंगला होता. एका बाजूस इंग्रजीचा पुरस्कार करणारे न्यायाधीश अर्स्किन पेरी आणि दुसऱ्या बाजूस मातृभाषेतून ज्ञान द्यावे असा आग्रह धरणारे जर्व्हिस व नाना शंकरशेट असा तो सामना होता. अखेर सरशी इंग्रजीची झाली. परंतु लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, मातृभाषेच्या पक्षाचे लोक नुसते ठराव करून स्वस्थ बसणारे नव्हते. जॉर्ज जर्व्हिस यांनी १८२० च्या दशकातच गणिताची पुस्तके मराठीत आणली होती; बाळशास्त्री जांभेकरांनी शालेय विषयांवर पुस्तके लिहिली; दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले; कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अर्थशास्त्रासारखा नवा विषय मराठी वाचकापुढे मांडला. विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. त्यापूर्वीच मराठीत शास्त्रीय ग्रंथांची बैठक तयार होऊ लागली होती. भाषेत सामर्थ्य नव्हते म्हणून ती मागे पडली, असे म्हणण्यास इतिहासात आधार नाही. ती मागे पडली, कारण विद्यापीठाच्या दारात तिला आसन मिळाले नाही.

आसन दिले तर काय घडते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे शिक्षणाचे माध्यम ठरविले, तेव्हा विद्यापीठाचे वर्ग भरण्यापूर्वी, १९१७ मध्ये, भाषांतराचा स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. इतिहासापासून वैद्यकापर्यंत शेकडो ग्रंथ त्याने तयार केले आणि पुढे वैद्यक व अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकविण्यात आली. निजामी राजवटीत मराठवाड्याच्या मराठी मुलांवर ही भाषा लादली गेली, हा अन्यायच होता आणि त्याचे समर्थन कोणी करू नये. १९४८ नंतर तो प्रयोगही संपुष्टात आला. परंतु त्यातील कामाचा क्रम मात्र शिकण्यासारखा आहे: आधी ग्रंथ, मग वर्ग. आपल्याकडे बहुधा आधी घोषणा, मग वर्ग आणि सरतेशेवटी ग्रंथ, असा उलटा क्रम चालतो. २०२१ मध्ये आठ राज्यांतील चौदा अभियांत्रिकी महाविद्यालयांनी पाच भारतीय भाषांतून शिक्षण देण्याची तयारी दर्शविली. त्या पाचांत मराठीही होती. जो विद्यार्थी अशा वर्गात धाडसाने प्रवेश घेतो, त्याला पहिल्या वर्षाची पुस्तके मिळाली, तरी तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी काय वाचावयाचे, याचे उत्तर प्रवेशाच्याच दिवशी मिळावयास हवे.

सरकारी ग्रंथनिर्मितीचा हा पहिला प्रयत्न आहे, अशीही कोणी समजूत करून घेऊ नये. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात विद्यापीठांतून प्रादेशिक भाषांचे माध्यम स्वीकारण्याची शिफारस केली. त्यानंतर १९६८ च्या सुमारास केंद्राने विद्यापीठीय ग्रंथांसाठी प्रत्येक राज्याला एक कोटी रुपये साहाय्य देण्याची योजना आखली. त्यातून ठिकठिकाणी ग्रंथ अकादमी निघाल्या. महाराष्ट्रात नागपूरला विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ कामाला लागले. अनेक नामवंत प्राध्यापकांनी त्या काळी लिहिलेले ग्रंथ जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांत आजही सापडतात, आणि त्यांतील कित्येकांची भाषा अशी स्वच्छ, अशी डौलदार आहे की आजच्या लेखकांनी ती गिरवावी. मग हा प्रवाह आटला का? आमच्या मते याची कारणे तीन. ग्रंथ निघाले, पण माध्यम बदलले नाही, म्हणून विज्ञानाच्या ग्रंथांना वाचक मिळाला नाही. आवृत्ती एकदा निघाली ती निघाली; शास्त्र पुढे गेले आणि ग्रंथ जागीच राहिला. आणि ग्रंथ लिहिणाऱ्या अध्यापकाला त्या श्रमाचे पुरेसे मोल कोणी दिले नाही. या तीन कारणांपैकी एकही कारण आज दूर झालेले नाही. मग नव्या योजनेला वेगळे फळ येईल, असे कशावरून मानावयाचे?

तिसऱ्या कारणाचा विचार विशेष बारकाईने केला पाहिजे, कारण सारी मेख तेथेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील गुणांचे कोष्टक पाहावे. मानव्यविद्यांतील एका संशोधन-निबंधाला १० गुण. राष्ट्रीय प्रकाशनाने काढलेल्या एका संपूर्ण ग्रंथालाही १०. आणि संपूर्ण ग्रंथाच्या भाषांतराला ८. म्हणजे दोन वर्षे रात्रीचा दिवस करून पाचशे पानांचा अर्थशास्त्राचा ग्रंथ मराठीत आणणारा प्राध्यापक दहा-पंधरा पानांचा निबंध छापणाऱ्याच्या मागे! माणसाला व्यवहार कळतो. प्राध्यापकही माणूसच आहे. जो आयोग २२,००० पुस्तकांची हाक देतो, त्याच आयोगाच्या कोष्टकाने पुस्तकाची अशी किंमत करावी, यासारखी विसंगती दुसरी नाही.

आता नवा मार्ग सुचविला जातो तो यंत्राचा. संगणक क्षणार्धात भाषांतर करून देईल, मग विद्वानांची आर्जवे कशाला, असा हा युक्तिवाद आहे. यंत्राचे साहाय्य घेण्यास आमची हरकत नाही. ते न घेणे हा वेडेपणाच ठरेल. परंतु शास्त्रग्रंथात शब्द हा विचाराचा खिळा असतो. बोलण्यात आपण ‘ताण’ म्हणतो ते मनावरचे दडपणही असते आणि दोरीला बसलेला ओढाही. स्थापत्याच्या विद्यार्थ्याला मात्र ‘प्रतिबल’ आणि ‘विकृती’ या दोन संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्या लागतात. तेथे गल्लत झाली तर पुलाचा हिशेब चुकतो. अर्थशास्त्रात ‘चलनवाढ’, ‘भाववाढ’ आणि ‘महागाई’ हे तीन शब्द वृत्तपत्रे सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. पण पैशाच्या पुरवठ्यातील वाढ हे एक संभाव्य कारण आहे आणि किमतींची सर्वसाधारण चढण हा परिणाम आहे. एकाच शब्दाने दोन्ही गोष्टी सांगितल्या की विद्यार्थ्याच्या डोक्यात कारण व परिणाम यांचा कायमचा गोंधळ होतो. यंत्र शब्द पुरवील. कोणता शब्द का, हे सांगणारा संपादकच लागतो.

परिभाषेची सामग्रीही आपल्यापाशी नाही, असे नाही. राज्याचे भाषा संचालनालय १९६० पासून आणि केंद्राचा शब्दावली आयोग १९६१ पासून हे काम करीत आला आहे. निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध झाले आहेत. उणीव आहे ती वापराची. शालेय पुस्तकांत एक संज्ञा, विद्यापीठात दुसरी, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत तिसरी. कोश टेबलावर राहतो आणि विद्यार्थी तीन गावचे पाणी पितो. दुसऱ्या टोकाला, भोपाळ येथे ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रकाशित झालेल्या वैद्यकाच्या हिंदी पुस्तकांत बहुतेक संज्ञा इंग्रजीच ठेवून त्या नागरी लिपीत लिहिण्याचा मार्ग पत्करण्यात आला. त्यावर टीका पुष्कळ झाली. आमच्या मते रुळलेली संज्ञा इंग्रजी राहिली म्हणून आभाळ कोसळत नाही. ऑक्सिजन म्हटल्याने प्राणवायूचा अपमान होत नाही. वाक्य मात्र मराठी हवे. विचाराची मांडणी मराठी हवी. ती नसेल तर नागरी लिपीतले ते इंग्रजीच होय आणि ते मूळ इंग्रजीहूनही दुर्बोध ठरते.

यावर नेहमीचा आक्षेप येईल की, जगाचे ज्ञान इंग्रजीत आहे, नोकऱ्या इंग्रजीला आहेत, मग हा खटाटोप कशाला? इंग्रजी हवीच. तिच्याशी वैर धरणारा पक्ष आमचा नव्हे. पण इंग्रजीच्या वाड्यात शिरावयाचे तर पायऱ्या लागतात, आणि ज्याला विषयाचा गाभा आपल्या भाषेत एकदा उमगला आहे, तो पुढचा इंग्रजी ग्रंथ अधिक आत्मविश्वासाने उघडतो. ज्याला तो कोणत्याच भाषेत उमगला नाही, तो दोन्हीकडून उपाशी राहतो. आज महाराष्ट्रात हा तिसरा वर्ग वाढत आहे. तो गरिबांच्या आणि ग्रामीण मुलांचा वर्ग आहे, म्हणून त्याचा आवाज विद्वानांच्या परिषदेपर्यंत पोहोचत नाही.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, हजाराचा हव्यास सोडून प्रत्येक विद्याशाखेचे पायाभूत असे मोजके ग्रंथ प्रथम निवडावेत आणि तेवढे उत्तम करावेत. दुसरी, प्रत्येक ग्रंथावर लेखक किंवा अनुवादक यांच्याबरोबर विषयाचा एक आणि भाषेचा एक असे दोन संपादक असावेत. त्यांची नावे मुखपृष्ठावर छापावीत, म्हणजे श्रेयाबरोबर जबाबदारीही येईल. तिसरी, पाच वर्षांनी सुधारित आवृत्ती काढण्याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात करावी. चौथी, चांगल्या मराठी ग्रंथाला अध्यापकाच्या बढतीत संशोधन-निबंधाहून अधिक वजन द्यावे. पाचवी, नागपूरच्या मंडळाचे आणि तत्सम जुने ग्रंथ कपाटांतून बाहेर काढून, तपासून, सर्वांना मोफत वाचता येतील असे संगणकावर आणावेत. त्यासाठी नव्या विद्वत्तेची नव्हे, केवळ इच्छेची गरज आहे. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. संज्ञांच्या एकसूत्रीकरणाचे काम त्याने अंगावर घेतले, तर त्या संस्थेचे प्रयोजन महाराष्ट्राला वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि पेढे वाटले गेले. १६ एप्रिल २०२५ रोजी पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा शासन निर्णय निघाला, तेव्हा महाराष्ट्रात असे वादळ उठले की २९ जून रोजी सरकारला माघार घ्यावी लागली. लोकमताचे हे बळ आम्ही कमी लेखीत नाही. पण पहिलीच्या वर्गातील भाषेसाठी पेटून उठणारा समाज पदवीच्या वर्गातील ग्रंथांसाठी एक साधे पत्रकही काढीत नाही, हे कशाचे लक्षण समजावे? भाषेवरचे प्रेम सहाव्या वर्षी सुरू होऊन सोळाव्या वर्षी संपणार असेल, तर ती भाषा घरात राहील, गाण्यात राहील, निवडणुकीच्या सभेत राहील; प्रयोगशाळेत, न्यायालयात आणि रुग्णालयात मात्र ती परकीच ठरेल. २०११ च्या जनगणनेनुसार सव्वाआठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा असलेल्या या भाषेला सन्मानपत्र मिळाले आहे. आता तिच्या लेकरांच्या हाती पुस्तक दिले पाहिजे, आणि ते आठवड्याला चार या हिशेबाने नव्हे, तर विश्वासाने वाचावे असे.