एका घरांत दोन रुग्ण

गेल्या वर्षीं दहावीच्या वर्गावर मी वारंवार गैरहजर राहिलों. त्याचें कारण विद्यार्थ्यांस ठाऊक होतें. पालकांसही तें सांगणें माझें कर्तव्य आहे.

माझ्या धाकट्या भावाचीं दोन्ही मूत्रपिंडें निकामी झालीं होतीं. आठवड्यांतून तीन वेळां, प्रत्येक खेपेस चार तास, डायालिसिसच्या यंत्रावर त्याचें रक्त शुद्ध करावें लागे. कऱ्हेचें पात्र आटलेलें, ऊन मी म्हणत असलेलें, आणि त्यानें पाणी मात्र मोजून प्यावें! अखेर आईनें आपलें एक मूत्रपिंड त्याला दिलें. (जिवंतपणीं अवयव देणाऱ्यांत आपल्या देशांत स्त्रियाच फार अधिक आढळतात, पुरुषांनीं याचा विचार करावा.) ही विद्या आतां नवी नाहीं. मूत्रपिंडाचें पहिलें यशस्वी रोपण 1954 सालीं बोस्टन येथें जुळ्या भावांमध्यें झालें, व आपल्या देशांत 1971 सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत.

परंतु एकाच दिवशीं घरांतील दोघांवर शस्त्रक्रिया होते, तेव्हां सांभाळणारा बहुधा एकच उरतो. पुण्याच्या रुग्णालयांत आई एका मजल्यावर, भाऊ दुसऱ्या; मी मधल्या जिन्यांत वह्या तपाशीत बसें. घरीं आल्यावरही सुटका नव्हती. परका अवयव शरीरानें नाकारूं नये म्हणून औषधें जन्मभर, नेमल्या वेळींच घ्यावीं लागतात. पहिले कांहीं महिने रक्ततपासणीसाठीं वरचेवर जावें लागतें. बारामतीहून पुणें सुमारें शंभर किलोमीटर. पहाटेची एस. टी. गांठतां गांठतां माझी रजा संपली. पुढील दिवस बिनपगारी गेले.

केंद्र सरकारनें 2023 सालीं अवयव देणाऱ्या आपल्या नोकरांस 42 दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मंजूर केली, हें योग्यच झालें. पण माझी आई कधीं नोकरींत नव्हती. रजा हवी होती ती मला! माझें स्पष्ट मत आहे कीं, रुग्णाजवळ राहणाऱ्या एका नातलगास, मग तो शिक्षक असो वा साखर कारखान्यांतील कामगार, अशी रजा पगारासह मिळावी. ऊसतोडणी करणाऱ्याला तर रजाच नसते. त्याचा बुडालेला रोज भरून देण्याची कांहीं तरी सोय व्हावी.

कोणी म्हणतील, शिक्षक रजेवर गेल्यानें मुलांचें नुकसान होतें. झालें, हें मी कबूल करितों. सहकाऱ्यांनीं माझे तास वांटून घेतले, तरी भूमितीचे दोन धडे घाईनेंच उरकले. पण अर्धें मन रुग्णालयांत ठेवून फळ्यापुढें उभा राहिलेला शिक्षक तरी काय शिकविणार? एके दिवशीं एकच प्रमेय मीं लागोपाठ दोनदां सिद्ध केलें. मुलांनीं तें दोन्ही वेळां वहींत उतरून घेतलें. कोणी हसलें नाहीं.