तारलीचा भाव, रिचार्जचा भाव

मोबाइलमुळे गरिबांचा विकास होतो, हे सांगायचं असलं की विद्यापीठांतले अभ्यासक हटकून एकच मासळी ताटात वाढतात : केरळची तारली. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा २००७ सालचा शोधनिबंध. १९९७ नंतर उत्तर केरळच्या किनाऱ्यावर टॉवर आले, सिग्नल वीसपंचवीस किलोमीटर समुद्रात पोचला आणि कोळी होडीतूनच भाव विचारू लागले. आधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून तारली फेकली जायची, तेव्हाच शेजारच्या बंदरावर तिला मागणी असायची. फोन आल्यावर ही नासाडी थांबली, कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला, मासळी ४ टक्के स्वस्त झाली. काम चोख आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते त्यावरून रचलेल्या आरतीशी : टॉवर उभारा, बाजूला व्हा, बाकीचं बाजार बघेल. जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल यांनी २०१३ साली केरळच्या कोळ्यांकडे पुन्हा पाहिलं. ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्याकडेच माल उतरवावा लागत असेल, तर दुसरीकडचा भाव कळून उपयोग काय? भाषणांत मात्र अजून पहिलीच तारली पोहते.

मी माहीमला राहतो. मिठीचं पाणी जिथे उतरतं, त्या खाडीत मासळीची वानवा आहे, सिग्नलची नाही. आमच्या ओळखीच्या मासळीवाल्या मावशींकडे बटणांचा फोन आहे. ‘पापलेट आलं का?’ विचारणारे फोन येतात, त्यावर धंदा. ‘मला काय शिनेमे बघायचेत त्यावर?’ असं त्या म्हणतात. २००३ साली इनकमिंग फुकट झालं. २०१८च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली. मग नुसता आलेला फोन घ्यायलाही दर महिन्याला पैसे भरा, आणि नको असलेला डेटाही त्यातच घ्या. डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसेमेसचे पॅक द्यायला सांगितलं. मोठ्या कंपन्यांनी ते काढले ८४ आणि ३६५ दिवसांचे, पैसे एकरकमी. रोजच्या पाटीवर जगणाऱ्या बाईने ते कुठून आणायचे?

१९९५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत. म्हणजे मावशी मालकीणबाई, आणि स्वतःच्याच घरात भाडं भरतात!

फोनने मावशींचं काय भलं केलं, यावर अभ्यास भरपूर. पण नंबर जिवंत ठेवायला त्यांच्या कमाईतला किती हिस्सा जातो? कितीदा नंबर बंद पडला आणि गिऱ्हाईक तुटलं? हे मोजायला उपग्रह लागत नाही, एक वही लागते. ट्राय प्रत्येक नियमाआधी हरकती मागवते. तिथे कंपन्या पानंच्या पानं लिहितात. त्या चळतीत माहीमच्या बाजारातले आकडे कोणी घालायचे? संशोधकांनीच. कलिना काही इथून लांब नाही.