पावशा कीं शिक्रा?

बोरीवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत फिरून आलेली मंडळी आम्हांस छायाचित्रें दाखवितात. पक्षी पाठीवर करडा, पोटावर पट्टे. खालीं नांव ‘शिक्रा’! आमची विनंती अशी कीं, रंगावर विसंबूं नये. चोंच पाहावी, पाय पाहावे. शिक्र्याची चोंच आंकड्यासारखी वळलेली, नख्या बळकट. पावशाच्या डोळ्याभोंवतीं पिवळें कडें, पायाचीं दोन बोटें पुढें व दोन मागें. ह्या शिकारी रूपास लहान पक्षी भितात. पावशाची मादी सातभाईंच्या घरट्यांत अंडें घालते, तिला तें रूप उपयोगी पडत असावें. पावसाच्या तोंडीं ‘पेर्ते व्हा’ ऐकूं आलें, तर संशयच मिटला. तेव्हां छायाचित्राबरोबर आवाजही टिपावा. खूण न पटल्यास नांवाची जागा मोकळी ठेवावी. चुकीच्या नोंदीपेक्षां कोरी जागा बरी.