उड्डाणाआधीची तपासणी

मुलांनी काही मागितले की आपली उत्तरे दोनच: ‘परवडत नाही’ नाहीतर ‘घेऊन टाकू’. तिसरेही एक आहे: ‘तपासून पाहू’.

ढोकीच्या घरी नातवाला संगणकावर विमान उडवायचे होते, २०२४ सालच्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’वर. दुकानदार म्हणाला, “नवा संगणकच घ्या.” बँकेत कर्जाआधी ऐपत पाहण्याची माझी जुनी खोड. विंडोजची कळ आणि ‘आर’ एकदम दाबून ‘डीएक्सडायग’ लिहिले. प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, सगळी कुंडली समोर आली. मेमरी निघाली ८ जीबी. या खेळाला किमान १६ लागते, शिफारस ३२ची. शिवाय जमिनीची दृश्ये सतत इंटरनेटवरून येतात. आणि ‘किमान’ म्हणजे खेळ कसाबसा चालेल, एवढेच.

नातवाचा चेहरा उतरला. मग फुकट मिळणारा ‘फ्लाइटगिअर’ घेतला. चित्रे साधी ठेवली, की तो जुन्या यंत्रावरही चालतो.

उसाच्या बिलातले हजारो रुपये मोजण्याआधी दहा मिनिटे अशी द्यावीत. मुलाला नकार नव्हे, हिशेब कळतो. खरा वैमानिकही आधी यादी घेऊन विमान तपासतो, मगच उडतो. नातवाचा पहिला धडा तोच झाला.