आधी अर्थिंग, मग एसी

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी पुण्यात वळीव कोसळला. दोनदा लाइट गेली, दोनदा आली, आणि कोथरूडला माझ्या ताईच्या घरचा इन्व्हर्टर एसी बंद पडला तो पडलाच. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने बाहेरच्या युनिटमधला पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, काढून माझ्या हातात दिला. त्यावरचा शर्टाच्या बटणाएवढा निळा, चपटा तुकडा मधोमध तडकला होता आणि भोवती काजळी पसरली होती. ताई म्हणाली, "अरे, पण स्टॅबिलायझर लावलाय ना!"

हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकतो. स्टॅबिलायझर वाईट नाही, पण त्याचं काम वेगळं. व्होल्टेज 170 पर्यंत उतरलं किंवा 260 वर चढलं, की आतला रिले बदलून तो ते जागेवर आणतो. त्याला काही मिलिसेकंद लागतात. सर्जचा, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीचा, कारभार मायक्रोसेकंदांत उरकतो. रिलेची पट्टी हलेपर्यंत हजारो व्होल्टचा झटका पीसीबीतून जाऊन आलेला असतो. एमसीबीची गतही तीच. तो तारा तापून जळू नयेत म्हणून आहे, इलेक्ट्रॉनिक्ससाठी नाही.

त्यासाठी लागतो तो सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे एसपीडी. घरच्या डीबीत, म्हणजे वितरण पेटीत, एमसीबीच्या रांगेतच बसणारा, टाइप 2 प्रकारचा. त्याच्या पोटात बहुधा झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर असतो. पीसीबीवर तडकला होता त्याचाच थोरला भाऊ. 230 व्होल्टला तो जवळजवळ काहीच जाऊ देत नाही. व्होल्टेज उसळलं की क्षणार्धात वाट मोकळी करतो आणि झटका अर्थिंगकडे वळवतो.

आणि अर्थिंगच नसेल तर?

ताईच्या वायरमनने एसीचा सॉकेट उघडला. हिरवी वायर पेटीत होती, पण पिनला जोडलेली नव्हती. कापून, मागे दुमडून ठेवलेली. "दादा, हे बांधतानाच राहिलंय," तो म्हणाला. इमारत बारा वर्षांची. बारा वर्षं त्या एसीला अर्थिंग नव्हतं आणि कुणाला पत्ता नव्हता, कारण अर्थिंग नसलं तरी एसी गार हवा देतोच. मला पीसीबीच्या खर्चापेक्षा याची जास्त धास्ती वाटली. बॉडीला करंट उतरला असता आणि पोराने ओल्या हाताने धरलं असतं, तर पुढचं लिहवत नाही.

एसपीडी बसवताना वायरमन हमखास चुकतात ती गोष्ट तारांच्या लांबीची. जागा नाही म्हणून एसपीडी कोपऱ्यात बसवतात आणि हातभर वायर फिरवून आणतात. सर्जच्या वेगाला वायरचा प्रत्येक वळसा अडवतो आणि तेवढं जास्तीचं व्होल्टेज उपकरणावर येतं. एसपीडीला जाणाऱ्या-येणाऱ्या तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात. बसवताना उभं राहून बघा. एसपीडीच्या पुढ्यात छोटी खिडकी असते, हिरवी. ती लाल झाली की आतला व्हॅरिस्टर संपला. तो दर झटक्यागणिक थोडा झिजतो. आणि झटके फक्त आभाळातून येत नाहीत. लिफ्ट, पाण्याचा पंप, फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होतानाही छोटे सर्ज उठतात.

एक संकट मात्र एसपीडीच्या आवाक्याबाहेरचं. खांबावर किंवा मीटर रूममध्ये न्यूट्रल तुटलं, तर घरात 230 ऐवजी 400 च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं आणि ते टिकून राहतं. दिवे एकदम प्रखर पेटतात, पाठोपाठ वस्तू जळू लागतात. क्षणभराच्या झटक्यासाठी बनलेला व्हॅरिस्टर तिथे स्वतःच जळतो. यासाठी जादा व्होल्टेजला लाइन तोडणारा वेगळा रिले मिळतो. तोही घ्याच.

आणि अगदी जवळ वीज पडली, तर यातल्या कशाचीही हमी नाही. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेची आगाऊ सूचना देतं. आभाळ भरून आलं की एसीचा एमसीबी खाली पाडावा. पण गडगडाट डोक्यावर येण्याआधी.

ताईच्या घरी हिरवी वायर जोडून झाल्यावर आम्ही खाली अर्थिंगचा खड्डा शोधायला गेलो. झाकणावर कुणीतरी तुळशीची कुंडी ठेवली होती. कुंडी सरकवली, झाकण उचललं, तर आत माती भेगाळलेली आणि पट्टीचा नट गंजून चिकटलेला. वॉचमनकाकांनी बादली आणली. पहिली बादली ओतली ती मातीने आवाज करत पिऊन टाकली. तिसऱ्या बादलीला पाणी जरा वर थांबलं. नट बदलायला आणि अर्थ टेस्टरने मोजायला वायरमन रविवारी येणार आहे. ताईने सोसायटीच्या सेक्रेटरींना त्या वेळी खाली थांबायला सांगितलंय. त्या एका खड्ड्यावर सोळा फ्लॅट आहेत.