हुकूम देणारे सुटतात कसे?

फेब्रुवारी 1945 मध्ये मनिला शहरात जपानी सैन्याने नागरिकांची सरसकट कत्तल केली. जनरल तोमोयुकी यामाशिता तेव्हा फिलिपाइन्समधील जपानी लष्कराचा प्रमुख होता, पण शहरापासून दूर डोंगरात. संपर्क तुटला होता, मनिलातल्या सैनिकांवर आपला ताबा उरला नव्हता, असा त्याचा बचाव. अमेरिकी लष्करी आयोगाने तो मानला नाही. कत्तलीचा हुकूम दिला, हा मुळी आरोपच नव्हता; हाताखालच्या सैन्याला आवरण्याचे कर्तव्य बजावले नाही, हा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती मर्फी आणि रटलेज यांनी कडाडून विरोधी मत नोंदवले, तरी 23 फेब्रुवारी 1946 ला यामाशिता फासावर गेला.

पुढे अमेरिकेचेच सैनिक आरोपी झाले.

16 मार्च 1968 रोजी व्हिएतनाममधील माय लाय येथे चार्ली कंपनीने बायका, मुले, म्हातारे गोळ्या घालून मारले. व्हिएतनाममधील नोंदीनुसार मृत 504. वैमानिक ह्यू थॉम्प्सनने सैनिक आणि गावकऱ्यांच्या मध्ये हेलिकॉप्टर उतरवले, काहींना वाचवले, वरिष्ठांना कळवले. याच कंपनीतला लेफ्टनंट विल्यम कॅली 22 खुनांबद्दल दोषी ठरला. ‘हुकूम पाळला’ ही सबब कोर्टाने फेटाळली, आणि ते योग्यच झाले. जन्मठेप झालेला कॅली मात्र काही वर्षांच्या नजरकैदेनंतर सुटला. त्याचा कंपनी कमांडर कॅप्टन अर्नेस्ट मेडिना त्या दिवशी तिथेच होता. त्याच्या खटल्यात न्यायाधीशांनी ज्यूरीला बजावले, की त्याला हत्याकांडाची प्रत्यक्ष माहिती होती हे सिद्ध व्हायला हवे. मेडिना निर्दोष सुटला. जपानी जनरलला लावलेला निकष अमेरिकी कॅप्टनला लागला नाही, आणि हा अन्याय माय लायच्या मृतांवर झाला.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यावर उभे आहे, त्या 1998 च्या रोम कराराच्या 28व्या कलमाने ही पळवाट बंद केली. सेनापतीला गुन्हे ठाऊक होते, किंवा त्या परिस्थितीत ठाऊक असायला हवे होते, माहितीच्या बाबतीत एवढे पुरे. शिवाय ते रोखण्यासाठी, दोषींना शिक्षा होण्यासाठी त्याने शक्य ते सारे केले का, हेही तपासायचे. तरी 2018 मध्ये याच न्यायालयात काँगोचा नेता जाँ-पिएर बेम्बा अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी सुटला. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात त्याच्या सैनिकांनी केलेल्या खून-बलात्कारांबद्दल त्याला 18 वर्षांची शिक्षा झाली होती. सैन्य परदेशात आणि सेनापती दूर, हा मुद्दा अपिलात त्याच्या बाजूने गेला. पण आघाडीवरच्या अधिकाऱ्यांशी त्याचा संपर्क होता, असे खालच्या पीठाने नोंदवलेले होते. यापुढच्या खटल्यांत मैलांचा हिशेब पुरणार नाही. तक्रार कोणत्या तारखेला पोहोचली, त्यानंतर सेनापतीने कोणाला पदावरून हटवले, तपास कोणाकडे सोपवला, याची कागदपत्रे न्यायाधीशांनी मागायला हवीत.