तीळतांदूळ रंगाचं पिल्लू

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधले तीन महिने लेकीकडे इंग्लंडात होते. तिथे घरात एकच विषय, कुत्रा! नातवाने दोन वर्षं धोसरा लावला होता. शेवटी कॉकर स्पॅनियल घ्यायचं ठरलं आणि लगेच नवा वाद सुरू झाला. रंग कोणता?

मला वाटायचं, कुत्रा काळा नाहीतर तांबडा, फार तर बांडा. पण इंग्लिश कॉकरच्या रंगांची यादी म्हणजे वर्गाचा हजेरीपटच निघाला. एकरंगी घ्या: काळा, लाल, सोनेरी, लिव्हर म्हणजे गर्द तपकिरी. यांच्या छातीवर थोडासा पांढरा चालतो, बाकी कुठे पांढरं दिसलं की प्रदर्शनात चालत नाही. काळ्यावर भुवया, तोंड नि पाय तांबूस असलेला तो ब्लॅक अँड टॅन. मग दुरंगी, तिरंगी. आणि रोन, म्हणजे पांढरे नि रंगीत केस एकमेकांत मिसळलेले. ते रंगीत केस काळे असले की त्याला ‘ब्लू रोन’ म्हणायचं. निळं त्यात काही नाही हो, माझ्या डोक्यावर आहे तसंच तीळतांदूळ!

मी बीए मराठीची, विज्ञानाशी माझा संबंध शाळेच्या प्रदर्शनापुरता. तरी हे सगळं वाचताना मजा आली. कॉकरमध्ये काळा रंग प्रभावी, लाल अप्रभावी. म्हणून दोन काळ्यांच्या पोटी लाल पिल्लू येऊ शकतं, पण दोन लालांना काळं होत नाही. रोनचं तर आणखीच गमतीचं. पिल्लू जन्मतं तेव्हा मोठे ठिपके सोडले तर बाकी अंग पांढरंच असतं. मधले रंगीत केस पुढच्या काही आठवड्यांत उगवत जातात. म्हणजे पहिल्या आठवड्यातला फोटो बघून रंग पसंत करणारा माणूस अजून न आलेली गोष्ट निवडत असतो.

इथवर सगळं गोडीगुलाबीचं होतं. एक दिवस नातवाने संगणकावर एक फोटो दाखवला. मर्ल कॉकर. फिकट करड्या अंगावर फाटक्या कडांचे गडद डाग, एक डोळा निळा. दिसायला सुरेख, आणि विकणारा त्या रंगाचे वेगळे पैसे मागत होता. ‘दुर्मीळ’ म्हणे! जावई तयार झाले. मी मात्र नाही म्हटलं. लेक म्हणाली, “आई, तुला काय कळतं गं कुत्र्यांतलं?”

खरंच फारसं कळत नाही. पण जे वाचलं ते सांगते. इंग्लंडच्या केनेल क्लबच्या मानकात इंग्लिश कॉकरच्या रंगांची यादी दिली आहे, त्यात मर्ल नाही. आईबाप दोन्ही मर्ल असले तर सरासरी चारांतल्या एका पिल्लाला ते जनुक दुहेरी मिळतं, आणि अशा पिल्लांना बहिरेपणाचा, डोळ्यांच्या व्यंगाचा मोठा धोका असतो. कोणी म्हणेल, मग दोन मर्ल एकत्र आणू नयेत, झालं. पण मर्लचा परिणाम काळ्या नि तपकिरी रंगद्रव्यावर होतो, लालवर तो दिसतच नाही. कॉकरमध्ये लाल-सोनेरी किती! अंगात मर्ल असूनही न दिसणारा कुत्रा सहज दुसऱ्या मर्लशी जुळवला जाईल. आपल्या हौसेची किंमत त्या मुक्या जिवाने का मोजायची?

जावयांनी मग मला पेचात पकडलं. म्हणाले, “रंगाला अर्थ नाही असं कसं? एकरंगी कॉकर जास्त रागीट असतात, असं संशोधन आहे.” बरोबर आहे. १९९६ साली ब्रिटनमध्ये मालकांना विचारून केलेला असा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पण ती सरासरी झाली. रंगाबरोबर घराणंही येतं, संस्कारही येतात. सरासरीवरून समोरचं एक पिल्लू ओळखता येत नाही, हे मास्तरकी केलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको.

नको म्हणाले खरं, पण मीच काय केलं होतं? शाळेत वर्षानुवर्षं पंधरा ऑगस्टला मी भारतमाता निवडायची. निवडायची म्हणजे काय, वर्गातली सर्वांत गोरी मुलगी उभी करायची. एका वर्षी एक काळीसावळी मुलगी मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, “बाई, मला सगळं भाषण पाठ आहे.” तिचा आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. मी तिला पडदा ओढायचं काम दिलं. तिने ते चोख केलं, आणि पुन्हा कधी काही मागायला आली नाही. तीस वर्षांहून जास्त झाली. लेकीच्या घरी सोफ्यावर बसून रंगांची ती यादी वाचताना नेमकी तीच आठवली.

रंग बघूच नये असं माझं म्हणणं नाही. १९५२ साली अमेरिकेत निक्सन यांच्या घरी टेक्सासहून काळापांढरा ठिपकेदार कॉकर भेट आला, तेव्हा त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीने त्याचं नाव ठेवलं ‘चेकर्स’. रंगाने एवढं करावं, हाक मारायला नाव द्यावं. निवड करताना मात्र आईबापांच्या डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडाच्या तपासण्यांचे कागद मागावेत, कारण या जातीत ते आजार पिढ्यांतून येतात. आई समोर बघावी. पिल्लू हात हुंगायला येतं का, ते बघावं.

आम्ही तसंच केलं. रंग शेवटी विचारला. आली ती ब्लू रोन निघाली. नातवाने नाव ठेवलं तिळू, आणि मी चष्मा लावून जिथे बसायची तिथे ती माझ्या पायाशी येऊन झोपायची.

ती पडदा ओढणारी मुलगी आता पन्नाशीला टेकली असेल. कुठे भेटली तर काय बोलू, ते मनाशी ठरवून ठेवलं आहे. तुमच्याही आठवणीत असं कोणी आहे का? जरूर लिहा.